पौर्णिमेला रामकुंडात भरती येते?

पौर्णिमा जवळ आली की नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. चंद्र पौर्णिमेला पाणी ओढतो म्हणून समुद्राला भरती येते, गोदावरीवरच्या रामकुंडाची पातळीही चढते, आणि माणसाच्या शरीरात 70 टक्के पाणी असल्याने मनसुद्धा उचंबळतं. एकेक दावा घेऊ.

"पौर्णिमेला ओढतो म्हणून भरती." चंद्र रोजच ओढतो. भरतीही रोज, साधारण 12 तास 25 मिनिटांच्या अंतराने येते, आणि उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती, अमावास्येलाही असतं. शिवाय नुसत्या ओढीवर ठरायचं तर सूर्याची ओढ चंद्राच्या जवळपास 180 पट आहे. तरी त्याची भरती चंद्राच्या 46 टक्केच. कारण भरती ओढीने नाही, ओढीतल्या फरकाने येते. चंद्राकडच्या बाजूला ओढ पृथ्वीच्या केंद्रापेक्षा किंचित जास्त, पलीकडे किंचित कमी, म्हणून पाण्याला फुगवटे दोन. हा फरक अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो आणि सूर्य सुमारे 390 पट लांब आहे. पौर्णिमा-अमावास्येला दोघांचे फुगवटे एका रेषेत येतात तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास काटकोनात असतात, तेव्हा भांगाची, म्हणजे सगळ्यात लहान भरती.

"रामकुंडाची पातळी चढते." चंद्राचं हे भरतीबल पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या फार तर 90 लाखावा भाग. त्याने पाणी सरळ वर उचललं जात नाही. ते हजारो किलोमीटरवरून आडवं सरकून एका जागी साचतं. त्यासाठी महासागराएवढा पसारा हवा. 10 किलोमीटर लांबीच्या जलाशयात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरक पडेल जेमतेम 1 मिलिमीटर. 30 मीटरच्या कुंडात अडीच मायक्रॉन, आणि डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. गंमत म्हणजे घनभूमीही चंद्रामुळे वीस-तीस सेंटिमीटर वर-खाली होते. पण कुंड, पायऱ्या आणि काठावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती सगळे एकत्रच हलतात, मग काठावरून काय दिसणार?

गोदावरीची पातळी ठरते गंगापूर धरणातल्या विसर्गावर आणि पावसावर. 2016 चा मोठा पूर 2 ऑगस्टला, म्हणजे अमावास्येला आला, 2019 चा 4 ऑगस्टला, शुद्ध चतुर्थीला. दोन्ही वेळी मुसळधार पाऊस होता.

"शरीरात 70 टक्के पाणी." प्रौढात साधारण 60 टक्के, पण मुद्दा तो नाही. बल पाण्यालाच निवडत नाही, हाडांवरही तेवढंच असतं. पृथ्वीच्या 6,371 किलोमीटर त्रिज्येत जो फरक पडतो, त्याचा सुमारे 37 लाखावा भाग डोक्यापासून पायापर्यंत पडतो. खुर्चीतून उठताना रक्तावर होणारा परिणाम याच्या कितीतरी पट मोठा.

पडताळायचं असेल तर घाटाच्या पायरीवर खूण करून 15 दिवस, दिवसातून चार वेळा पातळी लिहा. शेजारी धरणाच्या विसर्गाचे क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं ते. भरती असेल तर चढ रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा सरकायला हवा. विसर्ग असेल तर आकडा बदलल्यावर काही तासांत पातळी बदलेल, मग चंद्र कुठेही असो.