चाळिशीनंतर नागरिक व्हायचे असेल तर

शाळेतले नागरिकशास्त्र इतिहासाच्या पुस्तकाला शेपटासारखे जोडलेले असे आणि परीक्षेपुरते पाठ करून आपण ते विसरलो. तेव्हा आता या वयात नागरिक व्हावेसे वाटत असेल, तर गोव्यातले आपले गाव वाचवायला निघालेल्या एखाद्या व्हॉट्सॲप गटात आधी शिरा.

तिथे कायदा वाचावा लागत नाही, तो आपोआप येतो. नगरनियोजन कायद्यात २०२४ साली आलेले ३९ अ हे कलम तेवढे तोंडात ठेवा. त्याखाली जमिनीचा वापर-विभाग (झोन) बदलण्याआधी लोकांच्या हरकतींसाठी तीस दिवस द्यावे लागतात, असल्या तपशिलात मात्र शिरू नका, कारण ते तीस दिवस गटाचे बोधचिन्ह भाताचे कणीस असावे की माड, हे ठरवण्यात जातात आणि एकतिसाव्या दिवशी हरकती मागवणारी ती सरकारी सूचना तीन रडक्या चेहऱ्यांसह गटात येते. चर्चा मंदावलीच, तर १९८७च्या राजभाषा कायद्याचा विषय काढा. मराठी की कोकणी यावर पहाटेपर्यंत जागणारे सदस्य शेतात पडलेला मातीचा भराव सकाळी विसरलेले असतात.

वाईट संगतीपासून मात्र सावध राहा. २०२० साली मोलेच्या जंगलातून रेल्वे, महामार्ग आणि वीजवाहिनी नेण्याविरुद्ध समाजमाध्यमांवर मोहीम उभी राहिली, तेव्हा काही तरुणांनी पर्यावरणाचे अहवाल चक्क वाचून काढले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्दही केली. असे वाचन अंगवळणी पडले, की माणूस दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करू लागतो आणि मग गटाला त्याचा उपद्रव होतो.

ग्रामसभेपासूनही दूरच राहिलेले बरे. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण संविधानानुसार तिचा सदस्य असतो आणि तिथून कोणताही ॲडमिन तुम्हांला काढू शकत नाही, हे खरे. पण ती भरते नेमकी रविवारी, माशांच्या बाजाराच्या वेळेला. शिवाय तिथे उभे राहून सर्व्हे क्रमांक सांगावा लागतो, आणि समोरचा बिल्डर आपल्याच चुलत्याचा जावई निघतो. त्यापेक्षा विसवण, म्हणजे सुरमई, विकत घ्या, घरी या. ठराव आवाजी मतदानाने संमत झाल्याचा संदेश दुपारपर्यंत येईलच. त्याखाली रागाचा लाल चेहरा टाकून माशाचे हुमण, म्हणजे आमटी, गरम आहे तोवर जेवून घ्या.