दापोलीकरांस उत्तर: चुलीमागचा बॉयलर आणि उघडा पाइप

दापोलीकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, आणि रागही तितकाच सविस्तर आहे. म्हणून खाली दोन ओळी न खरडता वेगळं लिहितो. पण आधी एक गोष्ट. शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब वाढला की आपोआप उघडणारी झडप) ठिबकत होता, प्लंबरने त्याच्या तोंडाला प्लग मारला आणि आता थेंबही पडत नाही. तो प्लग निघून व्हॉल्व्ह बदलला जाईपर्यंत ती चूल पेटवू नका. पाहुणे आले तरी नको. त्यांना गॅसवर पाणी तापवून द्या. बाकी सगळ्यावर आपण वाद घालू, यावर नको.

इतर वाचकांसाठी थोडक्यात: मागच्या लेखात मी लाकडाच्या बंद चुलीबद्दल लिहिलं होतं. जाळाच्या मागच्या भिंतीत पाण्याचा छोटा बॉयलर बसवायचा, त्यावर न्हाणीचं पाणी तापवायचं आणि त्याच पाण्यावर पावसाळ्यात कपडे वाळवायच्या खोलीतले रेडिएटर (गरम पाणी फिरवून खोली तापवणारे पाइप) चालवायचे. आणि त्या बॉयलरमधून वर जाणारा एक पाइप कायम उघडा ठेवायचा, असं बजावलं होतं. दापोलीकरांचं म्हणणं असं: कोकणात रेडिएटर म्हणजे चोचले, सोलर असताना लाकूड जाळणं म्हणजे मागासलेपण आणि झाडतोड, आणि उघड्या पाइपाचा मी उगाच बाऊ केला. गिझर बंदच असतो, युरोपात बंद सिस्टीम सर्रास चालतात, मग आमच्याच स्लॅबमधून तो कुरूप पाइप कशाला?

पाइपापासूनच सुरू करतो. खरा मुद्दा तोच आहे.

गिझर बंद असूनही चालतो, कारण त्याची उष्णता बटणावर आहे. साधारण दोन किलोवॉटची कॉइल. पाणी ठरलेल्या तापमानाला आलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो, तो बिघडला तर कटआउट तोडतो, आणि वीज तुटली की उष्णता त्या क्षणी संपते. व्हॉल्व्हपर्यंत पाळी येतच नाही सहसा. लाकडाचं तसं नाही. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण चार युनिट विजेइतकी उष्णता असते. तुम्ही तीन किलो लाकूड सारून दार लावलंत की बारा युनिटं आत गेली, ती कुठल्याही बटणाने परत येत नाहीत. हवेची खिडकी बंद केली तर जाळ मंदावतो, पण निखारे तासभर धगधगत राहतात.

आता तुमच्याच आकड्यांवर हिशोब करू. बॉयलर पंधरा लिटरचा आणि त्याला पाच किलोवॉट उष्णता मिळते, असं तुम्ही लिहिलंय. समजा, बॉयलरचं पाणी फिरवणारा पंप थांबला, पाणी फिरायचं बंद झालं. पंधरा लिटर पाणी साठ अंशांवरून शंभरावर जायला लागतात आठ-नऊ मिनिटं. तेवढ्यात बाहेर अंगणात पाहुण्यांशी बोलणंही आवरत नाही. वरचा पाइप उघडा असेल तर पाणी उकळतं, वाफ वर जाते, छताकडून गुडगुड ऐकू येते, घरातली माणसं घाबरतात, आणि तिथेच विषय संपतो. पाइप बंद असेल तर दाब चढत जातो आणि दाबाबरोबर उकळबिंदूही. तुमचा व्हॉल्व्ह तीन बारचा आहे, म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा साधारण तिप्पटीने जादा झाला की उघडणारा. त्या दाबाला पाणी साधारण १४३ अंशांना उकळतं. म्हणजे व्हॉल्व्ह उघडायच्या आधी आत १४० अंशांचं पाणी, पाण्याच्याच रूपात, दबून बसलेलं असू शकतं. अशा वेळी वेल्डिंगचा सांधा फाटला तर दाब एकदम उतरतो आणि त्या पाण्यातला सुमारे बारावा हिस्सा तत्क्षणी वाफ होतो. पंधरा लिटरांतला बारावा हिस्सा म्हणजे सव्वा किलो, आणि सव्वा किलो वाफेला लागते दोन घनमीटर जागा. ती जागा वाफ तुमच्या चुलीतून, भिंतीतून आणि समोर उभ्या असलेल्या माणसातून काढते. आणि हे तीन बारचं गणित व्हॉल्व्ह मोकळा असतानाचं. तुमच्या व्हॉल्व्हला तर प्लग आहे, म्हणजे तीनवर थांबायचंही कारण उरलं नाही.

मी बोटीवर बॉयलर सांभाळलेले आहेत. तिथेही सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, पण तो शेवटचा राखणदार. त्याच्या आधी पाण्याची पातळी, दाब, जाळ या सगळ्यांवर डोळा ठेवायला माणूस नेमलेला असतो. तुमच्या घरी तो शेवटचा राखणदार एकटाच, आणि तोही खाऱ्या वाऱ्यात. समुद्रावरून येणारी हवा आणि आपलं जांभ्यातलं पाणी या दोन्हींशी त्याची गाठ आहे. आपल्या विहिरींचं पाणी मऊ आणि बरेचदा आम्लधर्मी असतं. भांड्याला क्षार धरत नाही म्हणून आपण खूश, पण ते धातू खातं. तांब्याच्या पाइपाला थेट जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप) जोडला असेल तर जीआय आणखी लवकर जातो. अशा पाण्यात व्हॉल्व्हची बैठक खराब होते, तो ठिबकतो. ठिबकणं ही त्याची तक्रार असते. आपल्याकडे तक्रार ऐकायच्या आधी बूच मारायची रीत आहे, आणि ही रीत काही व्हॉल्व्हपुरती नाही, पण ते राहू दे.

युरोपाबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया वगैरे भागांत लाकडाच्या बॉयलरवर बंद सिस्टीम चालते. पण त्या बॉयलरच्या पोटात आणखी एक कॉइल, म्हणजे पाण्याची वेटोळी नळी असते, ती तुमच्या प्लंबरने पाहिलेली नाही. पाणी पंचाण्णव अंशांच्या आसपास गेलं की एक झडप विजेशिवाय, नुसत्या उष्णतेवर उघडते. नळाचं गार पाणी त्या कॉइलमधून धावतं आणि सगळी उष्णता गटारात वाहून नेतं. यासाठी नळाला चोवीस तास दाब लागतो. आपल्या नळाला दाब कोण देतं? गच्चीवरची काळी टाकी. ती भरतो पंप. लाइट गेले की पंप नाही, आणि पाहुण्यांच्या आंघोळी आटोपल्या की टाकीत पाणी नाही. ब्रिटन-आयर्लंडमध्ये, जिथे शेकोटीच्या मागे बॅक बॉयलर बसवायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, तिथे उघड्या पाइपावर भर असतो. वरच्या टाकीतून गार पाणी खाली, उकळलंच तर वाफ त्याच टाकीवर वाकवलेल्या पाइपातून वर, आणि या वाटेत एकही व्हॉल्व्ह नाही. तिथेही अपघात झालेत. वापरात नसलेला, पाणी काढून दोन्ही तोंडं बुजवलेला जुना बॉयलर भिंतीतच राहिला, पुढे कुणी त्यासमोर शेकोटी पेटवली आणि तो फुटला. रिकामा बॉयलरसुद्धा बंद ठेवायचा नसतो, ही गोष्ट तिथल्या लोकांना अशी कळली.

आता आपल्या घरचं. बंब आठवा. खाली जाळी, मधून धुराची नळी, भोवती पाणी. गरम पाणी हवं तर आधी वरच्या तोंडातून गार पाणी ओतायचं. ते तळाशी जातं आणि तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर येतं. लहानपणी वाटायचं, काय ही कटकट, सरळ नळ का नाही? पण ओतल्याशिवाय निघत नाही म्हणूनच बंब कधी कोरडा पडत नाही. आणि तोंड उघडं म्हणून त्यात कधी दाब साठत नाही. ज्या तांबटाने ही घडण बसवली त्याला उकळबिंदूचा तक्ता ठाऊक नसेल, पण जाळ विझवता येत नाही हे ठाऊक होतं.

पाइप कुरूप दिसतो म्हणता, तर जरा गच्चीवर जाऊन या. तुमच्या सोलरच्या टाकीशेजारी एक सरळ उभा, वर उघडा पाइप दिसेल. तो त्याच कामाचा आहे. तो तुम्ही इतकी वर्षं चालवून घेतलात, तर त्याचा भाऊ शेजारी उभा राहिला म्हणून स्लॅबची शोभा जाणार नाही.

बदल काय करायचा तेही सांगतो, म्हणजे नुसती टीका होणार नाही. बॉयलरच्या वरच्या तोंडातून निघणारा पाइप गरम पाण्याच्या साठवण टाकीपर्यंत सतत चढता हवा, मध्ये कुठेही खोलगट नको. तिथे हवा किंवा वाफ अडकते आणि पाणी फिरायचं थांबतं. ही मुख्य लाइन २८ मिलिमीटरची तांब्याची घ्या, उघडा पाइप निदान २२चा. तुम्ही सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप वापरलाय. ते नव्वदीच्या जरा पुढेच हात टेकतं, त्यामुळे चुलीपासून गरम पाण्याच्या साठवण टाकीपर्यंत आणि उघड्या पाइपाला ते अजिबात नको. पुढे न्हाणीच्या नळांना चालेल. वरची भरणी टाकी, म्हणजे बॉयलरला गार पाणी पुरवणारी, पातळ प्लास्टिकची नको, तिच्यात कधीतरी उकळतं पाणी पडणार आहे. खाली पूर्ण फळी द्या, दोन पट्ट्यांवर ठेवू नका. साठवण टाकी चुलीपेक्षा उंच बसवा, म्हणजे गरम पाणी आपोआप वर चढेल, गार खाली येईल, आणि पंप नसला तरी पाणी फिरत राहील. ३ जून २०२०चं निसर्ग वादळ तुम्हाला मी काय सांगणार, तुमच्या दापोली-मंडणगडाच्या गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. विजेवरच्या पंपाच्या भरवशावर जाळ ठेवायचा, तर ते दिवस आठवावे.

रेडिएटर चोचले आहेत का? हिवाळ्यासाठी असतील तर होय. दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणत असले, तरी जानेवारीत शाल पुरते. मी ते जुलैसाठी सुचवले होते. ज्यांच्याकडे पाहुण्यांच्या चादरी आणि टॉवेल पडवीत चार-चार दिवस वास मारत लोंबतात, त्यांना वेगळं सांगायला नको. हवा २७ अंश आणि दमटपणा नव्वद टक्के असेल, तर तीच हवा ३७ अंशांवर नेली की दमटपणा पन्नासच्या आसपास येतो. पाण्याचा एक थेंबही न काढता हवा तहानलेली होते. मात्र तिला बाहेर जायला वर झडप हवी आणि खालून नवी हवा यायला फट. खोली गच्च बंद केलीत तर भिंतीच पाझरतील. धुलाईच्या एका खेपेत तीनेक लिटर पाणी असेल, तर ते उडवायला दोन युनिटांइतकी उष्णता लागते.

आणि या रेडिएटरांतला एक, पंपाशिवाय चालणारा, कुठलाही व्हॉल्व्ह नसलेला, कायम जोडलेला ठेवायचा. साठवण टाकी पूर्ण तापली तरी बॉयलरची उष्णता कुठेतरी जायला हवी ना? ती तिथे जाते. कपडे वाळतात हा वरचा फायदा.

सोलरशी माझं भांडण नाही. ऑक्टोबर ते मे सोलरच लावा, लाकडाला हातही लावू नका. जून ते सप्टेंबर ढगांत ते काय तापवतं, हे तुम्हीच मला सांगा. झाडतोडीबद्दल: शंभर लिटर पाणी २७वरून साठ अंशांवर न्यायला जेमतेम चार युनिटं लागतात. चुलीतली निम्म्याहून अधिक उष्णता वाया गेली असं धरलं तरी दोन-अडीच किलो सुकं लाकूड. नारळाची सोडणं, करवंट्या, झावळांचे दांडे, कलमांची छाटणी यांतून एका बऱ्यापैकी वाडीला ते निघतं. ट्रक भरून जंगल घाटावर जातं त्याचा मलाही राग आहे, पण तो राग करवंट्यांवर काढू नका.

सुकं म्हणजे मात्र सुकंच, मे महिन्यात भरून ठेवलेलं. ओलं लाकूड आणि मागे पाण्याची गार भिंत, या जोडीतून डांबर तयार होतं. ते बॉयलरवर आणि धुराड्यात साचतं आणि एके दिवशी पेट घेतं. काजूची टरफलं तुम्ही वापरता असं लिहिलंय. ती नका वापरू. त्यांतलं तेल अंगावर फोड आणतं, धूर डोळ्यांना झोंबतो आणि धुराड्यात तोच चिकट थर.

शेवटी तुम्ही टोमणा मारलात की रेडिएटर काय लंडनहून मागवू? नको. दोन इंची जीआय पाइपाचा सहा मीटरचा एक नग घ्या, फॅब्रिकेटरकडून चार तुकडे करून वरखाली जोडून घ्या, सगळे किंचित चढते, आणि सगळ्यात वरच्या टोकाला हवा काढायचा छोटा कॉक. पासष्ट अंशांचं पाणी फिरलं की तो साडेतीनशे-चारशे वॉट देतो. तुमच्या वाळवणीच्या खोलीला असे तीन पुरतील. तांब्याच्या लाइनला जोडताना मध्ये पितळेचा सांधा घाला, आणि हे पाणी न्हाणीच्या पाण्यात मिसळू देऊ नका. साठवण टाकीत कॉइल घातली की दोन्ही पाणी वेगळी राहतात, आणि रोज नवं पाणी आत न आल्यामुळे पाइपही लवकर गंजत नाहीत.