डेटाबेसचा पासवर्ड कुठे ठेवावा? अहो, सगळीकडे!

नवीन प्रोजेक्ट हातात घेतलाय का? मग कनेक्शन स्ट्रिंग (डेटाबेसचा पत्ता, युजर आणि पासवर्ड असलेली ओळ) कुठेतरी ठेवावी लागणारच, आणि ते कळल्याबरोबर चार जाणकार गोळा होतील, कोडमध्ये लिहू नको, फाइलमध्ये नको, एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमकडून प्रोग्रामला मिळणाऱ्या सेटिंगमध्ये) ठेव वगैरे. कुणाचंच मन मोडू नका, सगळीकडे ठेवा.

युजर म्हणून सरळ 'एसए' घ्या. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसमध्ये हा मुख्य अ‍ॅडमिन, त्याला सगळे अधिकार असतात. फक्त वाचायचे अधिकार असलेला वेगळा युजर कोण बनवत बसणार, आणि उद्या चुकून एखादं टेबल उडवायची वेळ आली तर परवानगीवाचून अडायला नको.

मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर प्रोग्राम लिहीत असाल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. व्हिज्युअल स्टुडिओचा (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरचा) विझार्ड बिचारा विचारतो तरी, की पासवर्डसारखी नाजूक माहिती स्ट्रिंगमध्ये ठेवू का? बिनधास्त हो म्हणा. आणि हे सगळं डीएलएलच्या (मुख्य प्रोग्राम वापरतो त्या कोडच्या फाइलच्या) प्रोजेक्टमध्ये करा, खरी मजा तिथेच आहे. अ‍ॅप.कॉन्फिग ही सेटिंग्जची फाइल तयार होते, बिल्ड केलं की डीएलएलच्या शेजारी तिची कॉपी पण दिसते, आणि प्रोग्राम चालताना तिला कुणी हिंग लावून विचारत नाही, कारण वाचली जाते ती एक्सईची, म्हणजे मुख्य प्रोग्रामची कॉन्फिग. तिथे आपली स्ट्रिंग नसली तर एरर येईल असं वाटतंय ना? छे. विझार्डमध्ये तुम्ही भरलेली व्हॅल्यू डिझायनरच्या (आपोआप तयार झालेल्या कोडच्या) फाइलमधून डीफॉल्ट म्हणून थेट डीएलएलमध्ये कंपाइल झालेली असते, तीच गुपचूप उचलली जाते. म्हणजे क्लायंटच्या मशीनवरचं सॉफ्टवेअर तुमच्या लॅपटॉपचं नाव घेत नेटवर्कभर हिंडतं, सपोर्टवाला डीएलएलची कॉन्फिग बदलतो, रीस्टार्ट करतो, परत बदलतो, शेवटी नेटवर्कवाल्यांशी भांडतो. तुम्ही 'माझ्याकडे तर चालतंय' म्हणायचं, आणि ते खरंच असतं हो!

नव्या एएसपी डॉटनेट कोअरमध्ये गोंधळ घालायला जागा जास्त आहे. आधी अ‍ॅपसेटिंग्ज.जेसन ही फाइल, मग एन्व्हायरन्मेंटप्रमाणे (डेव्हलपमेंट की प्रॉडक्शन, यावरून) दुसरी जेसन, डेव्हलपमेंटमध्ये यूजर सीक्रेट्स, मग एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल, मग कमांड लाइन, आणि शेवटी येईल त्याचं खरं. प्रत्येक ठिकाणी वेगळा सर्व्हर लिहून ठेवा. व्हेरिएबलच्या नावात कनेक्शनस्ट्रिंग्जनंतर दोन अंडरस्कोर लागतात, तिथे एकच द्या, कुणी तक्रार करणार नाही, नुसती जुनी व्हॅल्यू चालू राहील. एन्व्हायरन्मेंट सांगायलाच विसरलात तर अ‍ॅप स्वतःला प्रॉडक्शन समजतं, हे तर सोन्याहून पिवळं. आणि यूजर सीक्रेट्सच्या नावाने हुरळू नका, ती तुमच्याच प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये पडलेली साधी टेक्स्ट फाइल आहे, एन्क्रिप्शन वगैरे काही नाही.

सेटिंग्ज वायएएमएल या फॉरमॅटमध्ये लिहिणाऱ्यांनी पासवर्ड ०१२३ ठेवावा आणि अवतरणचिन्हं अजिबात देऊ नयेत. जुन्या १.१ आवृत्तीच्या नियमाने तो ऑक्टल (आठाच्या पायाचा) आकडा धरला जातो आणि डेटाबेसकडे ८३ जातो. घरच्यांनाच आत जाता येत नाही, याहून कडक सुरक्षा कोणती?

हेरोकू या क्लाउड कंपनीवाल्यांनी २०११ च्या सुमाराला 'ट्वेल्व्ह फॅक्टर' म्हणून नियम लिहिले, त्यात एक कसोटी आहे की तुमचा कोड या क्षणी जगाला खुला केला तर एखादा पासवर्ड बाहेर पडेल का. असले प्रश्न स्वतःला विचारून झोप घालवू नका. पासवर्ड असलेली डॉट ईएनव्ही फाइल आधी कमिट करा (गिटच्या, म्हणजे कोडच्या हिस्टरीत टाका), नंतर आठवेल तेव्हा गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत टाका. आधीच ट्रॅक होत असलेल्या फाइलवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही, पण टाकल्याचं समाधान मिळतं ना. फारच कुणी ओरडलं तर फाइल डिलीट करून नवीन कमिट करा आणि मेसेजमध्ये 'प्रॉडक्शनचा पासवर्ड काढला' असं स्पष्ट लिहा, म्हणजे हिस्टरी चाळणाऱ्याला नेमका कुठला कमिट उघडायचा ते कळेल.

पासवर्ड बदलायच्या भानगडीत मात्र पडू नका. तो कुठे कुठे लिहिलाय हे आता तुम्हालाही माहीत नाही, आणि रात्रीचा बॅकअप ज्या स्क्रिप्टवर चालतो त्यात तो कुणीतरी हार्डकोड करून (थेट कोडमध्ये लिहून) नोकरी सोडून गेलाय.