जादा गेलेली खावटी बापाने स्वतः कापून घ्यायची नसते

‘मूल १८ वर्षांचे झाले की खावटी आपोआप बंद होते, जादा भरलेला पैसा व्याजासह परत मिळतो, आणि तोवर बापाने तो पुढच्या हप्त्यांतून स्वतःच कापून घ्यावा,’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. खावटी म्हणजे पोटगी, न्यायालयाने ठरवून दिलेली दरमहाची निर्वाहाची रक्कम. आर्वी तालुक्यातल्या माझ्या मावसभावाने तो खरा मानून तीन हप्ते थांबवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक आहे ते स्वतः कापून घेणे. दरमहा ३,००० रुपयांचा आदेश असताना, कापसाचा चुकारा हाती येताच त्याने मुलीला सायकल घेऊन दिली, शिकवणीची फी भरली, वहीत ‘पोरीसाठी ९,०००’ असे टिपले आणि तेवढ्यावर तीन हप्ते फिटले असे धरून चालला. बापाने हौसेने केलेला खर्च न्यायालय हप्ता म्हणून धरेलच, याची कसलीही हमी नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये, पुरेशा कारणावाचून हप्ता थकवल्यास वसुलीचे वॉरंट आणि तरीही रक्कम न भरल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद सांगितली आहे. हे त्या मजकुरात कुठेही नाही!

व्याजासह परतफेडीची तरतूद या कलमात शोधूनही सापडत नाही. परिस्थिती बदलली असेल, तर रक्कम कमी करून घेण्यासाठी याच नव्या संहितेच्या कलम १४६ खाली अर्ज करावा लागतो.

वयाचा मुद्दा अर्धाच खरा आहे. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या सज्ञान मुलाचा हक्क कलम १४४ खालीही टिकतो. उदरनिर्वाहाचे साधन नसलेल्या अविवाहित हिंदू मुलीला १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याचे कलम २० आहे. आमची पोर तर अजून दहावीत आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. दोन न्यायालयांचे दोन आदेश झाले, तर आधीची रक्कम नंतरच्या आदेशात वळती होऊ शकते. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी तसे स्पष्ट केले. पण ती वजावट न्यायालयाने करायची आहे, आणि आधीचा आदेश अर्जदाराने उघड करायचा आहे.

थकलेले ९,००० रुपये आधी बँकेतून भर, असे मी त्याला सांगितले आहे. सायकलची पावती घेऊन वकिलांकडे आम्ही त्यानंतर जाणार आहोत.