फुलांचं तेवढं मामा बघेल

लग्नात नवरीच्या मामाला खरं तर एकच काम असतं. भाचीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे गंभीर चेहऱ्याने उभं राहायचं. फार तर वीस मिनिटांची ड्यूटी. भाची जन्मली त्या दिवसापासून मी ह्या वीस मिनिटांची वाट बघत होतो. फेटा कुठल्या रंगाचा बांधायचा तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

पण याद्या करायच्या बैठकीत ताई सहज म्हणाली, "फुलांचं तेवढं मामा बघेल." जेवण भाऊजींकडे, साड्या आणि मानपान ताईकडे, गुरुजी काकांकडे. उरली फुलं. मी उदारपणे मान हलवली. फुलं म्हणजे काय, कार्यालयाच्या डेकोरेटरला एक फोन. तेवढ्यात कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्या भाचीने मान वर केली. "मामा, फक्त पर्यावरणपूरक हवीत हं."

"अगं, फूल म्हणजे पर्यावरणच की!" मी म्हणालो.

तिने पर्यावरणशास्त्रात एम. एस्सी. केलंय. चेक मराठीत लिहिला तर चालेल का, असं विचारणाऱ्या खातेदाराकडे मी ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने तिने माझ्याकडे बघितलं. मग अटी सांगितल्या. फूल पुण्यापासून पन्नास किलोमीटरच्या आत उगवलेलं हवं. विमानाने आलेलं चालणार नाही. फवारणी झालेली नको. प्लास्टिक, थर्माकोल, जरीच्या पट्ट्या, काहीही नको. मे महिन्यात जे फुलतं तेच. आणि लग्नानंतर एकूण एक पाकळी खतात गेली पाहिजे. नवऱ्यामुलासाठीसुद्धा तिने इतक्या अटी घातल्या नव्हत्या.

कार्यालयाचा डेकोरेटर ठरलेला होता. बाहेरचा आणलात तर कार्यालयाला वेगळी रॉयल्टी भरावी लागते. ते गृहस्थ एसीत बसले होते. त्यांनी टॅब पुढे सरकवला. "थीम काय साहेब?"

"पर्यावरण."

"त्यात आपल्याकडे पेस्टल येतं."

इको पॅकेज पंचेचाळीस हजारांनी महाग होतं. त्यात काय असतं, असं विचारल्यावर ते मला गोदामात घेऊन गेले. तिथे छतापर्यंत फुलंच फुलं होती, सगळी प्लास्टिकची. मी थक्क होऊन बघत असताना त्यांनी समजावलं, "साहेब, खरी फुलं एका दिवसात कचऱ्यात. ही? चाळीस लग्नं झाली ह्या गुलाबांवर. एकही झाड तोडावं लागलं नाही. ह्याच्यापेक्षा इको काय असतं?"

खोटं कशाला बोलू, मला दोन मिनिटं ते पटलं. मी एक गुलाब हातात घेतला. पाकळ्यांवर धुळीचा पातळ थर होता, आणि अगदी आतल्या बेचक्यात तांदळाचा एक दाणा अडकला होता, कुंकवाने लाल झालेला. कुणाच्या तरी लग्नातली अक्षता. त्या जोडप्याला एव्हाना मूल होऊन ते बालवाडीत गेलं असेल, आणि त्यांचा आशीर्वाद इथे गोदामात पडून होता. मी गुलाब जागेवर ठेवला.

"खरी फुलं दाखवा."

खऱ्या फुलांत पहिलं निघालं थायलंडचं ऑर्किड. भाचीला फोटो पाठवला तर उत्तर आलं: 'विमान!' मग गुलाब. गुलाबाची मला खात्री होती, कारण तळेगाव दाभाडे आपल्या हद्दीत बसतं. तळेगाव-मावळातला गुलाब फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनसाठी परदेशी जातो, तोच मे महिन्यात भाचीच्या लग्नाला आला तर त्याचीही सोय आणि आपलीही. पण हा गुलाब पॉलिहाउसमधला. म्हणजे त्याचं घरच प्लास्टिकचं, आणि वर प्रत्येक कळीला जाळीचं टोपडं. जरबेरा तर बाळंतघरातल्या बाळासारखा एकेक पिशवीत गुंडाळलेला.

शिवाय ती हिरवी वीट. मोठ्या सजावटीत फुलं खोचायला जो फोम वापरतात तो. दिसतो शेवाळासारखा, पाणी शोषून घेतो, आणि अंगठा दाबला की असा मऊ रुततो की पुन्हा पुन्हा दाबावंसं वाटतं. मी चार-पाच वेळा दाबला. घरी हौसेने सांगितलं तर भाची म्हणाली, "मामा, ते प्लास्टिकच आहे. कुजत नाही. त्याचा नुसता भुगा होतो आणि तो भुगा पाण्यात जातो." म्हणजे गुन्ह्याच्या जागी माझ्या अंगठ्याचे ठसे राहिले होते.

ह्यावर तोडगा गोदामातल्या एका म्हाताऱ्या कामगाराने दिला होता, तेही शेठ फोनवर असताना हळू आवाजात. "पूर्वी आम्ही केळीचा खुंट वापरायचो. आडवा ठेवायचा आणि त्याच्यात काड्या खुपसायच्या. आत पाणीच असतं की. संध्याकाळपर्यंत फूल मान टाकत नाही." पंचेचाळीस हजारांच्या पॅकेजमध्ये ही माहिती नव्हती.

मग एका पहाटे मी आणि भाची गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेलो. पाच वाजता फुलबाजारात जो वास येतो त्यात मोगरा, ओलं पोतं, डिझेल आणि हमालाच्या चहातलं आलं सारख्या प्रमाणात असतं. लोक पळत होते. आम्ही दोघंच उभे होतो, त्यामुळे सगळे आम्हाला आपटत होते. शेवटी झेंडूच्या एका ढिगापाशी थांबलो. केशरी, टपोरा, हात घालावासा वाटणारा.

"कुठला?" मी विचारलं.

"कलकत्ता."

भाचीने एकदम श्वास आत ओढला. "कलकत्त्याहून? मामा, किती किलोमीटर झाले माहितेय?"

"ओ ताई," गाळेवाला तराजूतून मान वर न काढता म्हणाला, "नाव कलकत्ता. माल पुरंदरचा."

पुरंदर बसत होतं. भाचीने पुढचा प्रश्न टाकला. "औषध मारलंय का ह्याच्यावर?"

आता त्याने मान वर केली. "ताई, औषध नाही मारलं तर ते फूल तुमच्याआधी अळी घेऊन जाती." आणि शेजारच्या गाळ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "लग्न हाय वाटतं."

निशिगंधाच्या गाळ्यावर सगळं जुळत आलं होतं. तो यवतकडचा होता, म्हणजे हद्दीतला. काडीही सुरेख. पण पलीकडच्या बादलीत निळ्या रंगाचा निशिगंध दिसला. काडी शाईच्या पाण्यात ठेवली की फूल निळं होतं म्हणे. ते बघून भाचीचा चेहराही तसाच झाला.

मी यादी थोडीफार जमवत आणली होती, तेवढ्यात नवऱ्यामुलाचे मामा उगवले. लग्नात दोन मामा असतात हे मी विसरलोच होतो. हे गृहस्थ निवृत्त प्राध्यापक, विषय वनस्पतीशास्त्र. त्यांना फुलांची जबाबदारी कुणी दिली नव्हती, म्हणून ते अगदी मोकळे होते. रविवारी आमच्याकडे चहाला आले आणि म्हणाले, "पर्यावरणपूरक म्हणताय, तर मग देशी फुलंच घ्या."

"देशीच आहेत. झेंडू."

"मेक्सिको."

"काय?"

"मूळचा मेक्सिकोचा."

"बरं, निशिगंध."

"तोही मेक्सिकोचा."

"शेवंती? अॅस्टर?"

"चीन. दोन्ही."

"जरबेरा तर आम्ही आधीच काढलाय," मी मोठेपणाने म्हणालो.

"उत्तम. दक्षिण आफ्रिका."

"हां, म्हणजे त्या आफ्रिकन झेंडूसारखा."

"छे! आफ्रिकन झेंडू मेक्सिकोचाच. फ्रेंच झेंडूही."

मी देवचाफ्याचं नाव काढलं. ज्याच्या नावातच देव आहे त्याला तरी सोडतील असं वाटलं होतं. तो मध्य अमेरिकेकडचा निघाला. पन्नास किलोमीटरची हद्द आखून बसलेल्या माझ्या यादीत एकाही फुलाचा रहिवासी दाखला धड नव्हता.

आणि मग बिस्कीट चहात बुडवता बुडवता ते सहज म्हणाले, "मेक्सिकोत झेंडू मृतांच्या सणाला वाहतात. कबरींवर."

स्वयंपाकघरातून पोह्यांचा झारा घेऊन ताई बाहेर आली. "काय म्हणालात? मेलेल्यांचं फूल? माझ्या मुलीच्या लग्नात?"

पुढचा पाऊण तास मी झेंडूचा वकील होतो. दसऱ्याला गाडीला काय घालतेस? वास्तुशांतीला दाराला काय लावलं होतंस? इतकी वर्षं राबला बिचारा, आता त्याला परका म्हणायचं? ताई शेवटी तोरणापुरती तयार झाली. प्राध्यापकांनी आपली अस्सल देशी नावं सांगितली: सोनचाफा, मोगरा, अबोली, बकुळ. नावं ऐकूनच खोलीत वास आल्यासारखा झाला. एका मावशींनी "आणि प्राजक्ताचा सडा घाला हं दारात" असंही सुचवलं. मे महिन्यात प्राजक्त कुठून आणायचा हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मोगरा मिळाला. आमच्या शाखेच्या एका खातेदाराची सासवडच्या पुढे जमीन आहे. बांधाला घरापुरता मोगरा, औषध नाही, काही नाही. सोनचाफा मात्र कोकणातून नाही तर वसईकडून येतो, म्हणजे बाद. त्यासाठी शेजारच्या जुन्या बंगल्यातल्या आजींकडे गेलो. त्यांच्या अंगणात चाफ्याचं झाड आहे आणि त्या झाडावर त्यांची नजर आहे. त्यांनी माझी पंधरा मिनिटं चौकशी केली. मग वेणीपुरती पंचवीस फुलं मंजूर केली, पण आकडी त्या स्वतः धरणार. लग्नाच्या दिवशी सकाळी सहाला मी खाली टोपली धरून उभा आणि ब्याऐंशी वर्षांच्या आजी वर बघत मोजतायत, "चोवीस... पंचवीस. पुरे. तुमच्या मुलाच्या लग्नाला काही नको का ठेवायला?"

मुहूर्त होता दुपारी बाराचा. आणि इथे एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. मोगऱ्याच्या कळ्या पहाटे खुडतात आणि त्या उमलतात संध्याकाळी. बारा वाजता नवरानवरीच्या गळ्यात जे दोन हार होते, ते म्हणजे पांढऱ्या गच्च मिटलेल्या मण्यांच्या माळा. वास नाही, पाकळी नाही. पहिल्या रांगेतल्या एका काकू मोठ्याने म्हणाल्या, "हार थर्माकोलचे केलेत का? त्याला तर 2018 पासून बंदी आहे ना?"

अक्षतांऐवजी पाकळ्या ठेवल्या होत्या. कल्पना भाचीची, तांदळाची नासाडी नको म्हणून. तत्त्व म्हणून ठीकच आहे. पण तांदळाला पल्ला असतो. चौदाव्या रांगेतला माणूस नुसत्या मनगटाच्या झटक्याने अक्षता थेट बोहल्यापर्यंत पोहोचवतो, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई आहे. पाकळी तीन फूट जाते आणि विचारात पडल्यासारखी खाली येते. दर 'सावधान'ला मागच्या रांगेचे आशीर्वाद पुढच्या रांगेच्या टकलावर पडत होते. भाऊजींच्या साहेबांना तर नवरानवरीपेक्षा जास्त मिळाले.

मी भाचीच्या मागे फेटा बांधून उभा होतो. समोर, अंतरपाटाच्या पलीकडे, नवऱ्यामुलामागे प्राध्यापक. अंतरपाट खाली आला, हार घातले गेले, आणि मला ती दिसली. जावयाच्या हारातून एक बारीक हिरवी अळी बाहेर आली होती. तिने क्षणभर डोकं वर करून इकडेतिकडे बघितलं आणि शेरवानीच्या कॉलरकडे निघाली. अंग आखडायची, सैल सोडायची, घाई अजिबात नाही. मी भुवयांनी प्राध्यापकांना खूण केली. त्यांनी वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. संपूर्ण लग्नात मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

"अरे वा! घाबरू नकोस, चावत नाही," ते भाच्याच्या कानात म्हणाले.

काय चावत नाही हे त्यांनी सांगितलं नाही. जावयाने डोळे गरगरा फिरवून आधी बायकोकडे, मग सासूकडे, मग माझ्याकडे बघितलं. फोटोग्राफरने तो क्षण बरोब्बर टिपला. अल्बममध्ये पान अकरावर आहे.

संध्याकाळी पाठवणी झाली, रडून झालं, गाड्या गेल्या. अट शेवटची राहिली होती. चार पोती भरली: तोरणं, पाकळ्या, केळीचे खुंट, मुंडावळ्या. हार बोहल्याजवळच्या खुर्चीवर टाकलेले होते. उचलायला गेलो तर अख्खा मोगरा उमललेला. रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्या आवरणारी दोन पोरं आणि मी, आणि तो घमघमाट. हार पोत्यात घालवेनात. स्कूटरच्या हँडलला अडकवून घरी आणले. बायको दार उघडून म्हणाली, "आपलं लग्न होऊन तीस वर्षं झाली. तेव्हा आणायचे होते."

पोती आमच्या गच्चीत आहेत. जूनमध्ये दोन पाऊस पडल्यावर एका पोत्याच्या भोकातून झेंडूची रोपं वर आली, दाटीवाटीने. भाचीला फोन करून सांगितलं.

"कुठला झेंडू, मामा?"

"ते फूल आल्यावर कळेल."

"आणि अंतर?"

मी मोजून सांगितलं. देवघरापासून अकरा पावलं.