मावशीला रडू द्या

मोहननगरची माझी मावशी. काका गेल्या महिन्यात प्रभूमध्ये झोपी गेले, म्हणजे वारले. परवा भेटायला गेलो तर रडू आलं की पदराचा बोळा तोंडात कोंबायची. म्हटलं, मावशी, काहून असं करून राहिली? तिनं मोबाईल पुढे केला. ‘बायबलनुसार मृत्यूनंतर काय होते’ असा फॉरवर्ड. आत्मा चाळीस दिवस घरातच फिरतो, घरचे रडले तर तो अडकतो, चांगली माणसं देवदूत होतात, आणि आत्म्याचं वजन 21 ग्रॅम असल्याचं विज्ञानानं सिद्ध केलंय. खाली: अकरा जणांना पाठवा.

वजनाचं आधी उरकतो. डंकन मॅकडूगल या अमेरिकन डॉक्टरनं मरणपंथाला लागलेल्या सहा रुग्णांना खाटेसकट काट्यावर ठेवलं आणि 1907 मध्ये ते छापलं. 21 ग्रॅम भरले ते सहातल्या एकाचे. झालं विज्ञान! देवदूतांचं म्हणाल तर बायबलात लूकच्या 20 व्या अध्यायात, मेलेल्यांतून उठलेले ‘देवदूतांसारखे’ असं आहे. ‘सारखे’चा अर्थ तरी मराठी माणसाला कळावा.

चाळीस दिवसांत थोडं तथ्य आहे, मान्य करावं लागतं. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती कुटुंबांत चाळिसाव्या दिवशी प्रार्थना असते. कॅथलिक तर 2 नोव्हेंबरला सगळ्याच मृतांसाठी प्रार्थना करतात. पण ‘घरातच फिरतो’ हे बायबलमध्ये कुठे आहे? शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला येशू ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ म्हणाला, चाळीस दिवसांनी नाही. शिवाय आपली आशा काही तरंगणाऱ्या आत्म्यावर नाही. दर रविवारी चर्चमध्ये मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, आपण शरीराचं पुनरुत्थान म्हणतो, ते काय नुसतं तोंडानं?

आता रडण्याचं. याचाच मला संताप आला. ज्या बाईनं चाळीस वर्षं संसार केला तिला सांगायचं, तू रडलीस तर नवरा अडकेल! प्रेषित पौलानं थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहिलंय की आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका. कुणीतरी तेच अर्धं उचललं असणार. खेद करूच नका, असं तो म्हणत नाही. विश्वासासाठी दगडमार होऊन मेलेल्या स्तेफनाला पुरलं तेव्हा भक्तिमान माणसांनी मोठा शोक केला, हे बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लिहिलेलं आहे.

आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा 11 वा अध्याय. येशूचा मित्र लाजर, त्याला कबरेत ठेवून चार दिवस झालेले, त्याची बहीण मार्था म्हणते आता दुर्गंधी येत असेल. थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार हे येशूला ठाऊक आहे. तरी पस्तिसावं वचन आहे, ‘येशू रडला’. त्याच्या रडण्यानं लाजर अडकला नाही, हाक मारल्यावर बाहेर आला. कबरेकडे जाताना खुद्द प्रभूला रडण्याची मुभा आहे आणि आमच्या मावशीला नाही?

हा अध्याय मी तिला मोठ्यानं वाचून दाखवला. पस्तिसाव्या वचनाशी तिनं पदर खाली ठेवला. नंतर, नाक पुसत, म्हणाली की तो मेसेज तिनं सात जणींना पाठवलाय.

त्या सातही जणींना आता हे पाठवतोय.