अणिमा नव्हे हो, एनिमा!

मावशीने काल तिसऱ्यांदा तोच मेसेज पाठवला. खाली एकच ओळ : "तू तरी त्याला समजाव." 'तो' म्हणजे माझा मावसभाऊ, वय १९, कानात सदा हेडफोन. मेसेजचं म्हणणं असं : अमेरिकेतल्या टूल नावाच्या बँडने १९९६ साली आपली 'अणिमा' सिद्धी चोरून अल्बमला तिचं नाव दिलं, चोरी पकडली जाऊ नये म्हणून नावाला जगात कुठेच नसलेलं अक्षर जोडलं, आत जर्मन भाषेत सैतानाचा मंत्र भरला, आणि म्हणून अमेरिकेत त्यावर बंदी आली. शेवटी हात जोडलेले सहा.

आधी अक्षर. रोमन कॅपिटल 'ए' घ्या, त्याचा उजवा पाय ताठ उभा करा आणि त्याच दांड्याला 'ई'चे तीन आडवे हात फुटू द्या. झालं अक्षर : Æ. सीझरच्या नावात रोमन लोक ही दोन अक्षरं शेजारीशेजारी लिहीत. पुढे लेखनिकांनी ती चिकटवून टाकली. जुन्या इंग्रजीत त्याला 'ॲश' म्हणत, आणि उच्चार आपल्या 'बॅट'मधल्या 'ॲ'च्या जवळचा. डॅनिश वर्णमालेत २९ अक्षरं आहेत, त्यातलं हे २७वं. नॉर्वेतही तेच. आइसलँडमधली पोरं पहिलीपासून गिरवतात. जगात कुठेच नाही म्हणे!

आता अणिमा. लघूचा लघिमा, गुरूचा गरिमा, तसा अणूचा अणिमा. अणूएवढं सूक्ष्म होण्याची सिद्धी. त्या अल्बमशी तिचा काडीचाही संबंध नाही. अल्बमचं नाव दोन शब्द एकमेकांत घुसवून केलंय. एक 'अनिमा' : लॅटिनमध्ये प्राण, आत्मा, मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने पुरुषाच्या मनातल्या स्त्रीरूपाला हेच नाव दिलं. दुसरा 'एनिमा'. हो, तोच, पोट साफ करायचा. पहिल्याची सुरुवात 'ए'ने, दुसऱ्याची 'ई'ने, म्हणून दोघांना एकाच जोडअक्षरात कोंबलं. मूळ दोन्ही शब्दांत ते अक्षर नाही, तेव्हा नाव अस्सल लॅटिन आहे असंही कुणी सांगू नये. खात्री करायची तर गाण्यांची यादी बघा. त्यातल्या एका गाण्याचं नाव अल्बमसारखंच आहे, फक्त मधल्या 'आय'च्या जागी 'ई' आहे. म्हणजे एनिमा राजरोस छापलाय. लॉस एंजेलिस एकदाचं समुद्रात वाहून जाऊ दे, असं ते गाणं. शहरालाच एनिमा! सीडीच्या डबीतलं चित्र तिरकं करून बघितलं की कॅलिफोर्नियाचा किनारा गायब होतो. हे चोरी लपवणाऱ्यांचं काम वाटतं का?

बरं, एक गोष्ट मान्य करावी लागते, आणि मला ती फार खुशीने करायची नाही, कारण उद्या तिचाच मेसेज होईल. 'अनिमा'चं संस्कृतशी नातं आहे. लुइस आणि शॉर्ट यांचा १८७९चा लॅटिन कोश 'अनिमुस' या सख्ख्या शब्दाच्या नोंदीत संस्कृतातला 'अन्', म्हणजे श्वास घेणे, हा धातू देतो आणि 'अनिल'ही देतो. आपला 'प्राण' याच 'अन्'मधून आला. 'अपान'सुद्धा. अपानवायूकडे शरीरातलं कुठलं खातं असतं ते मावशीला मी सांगायला नको; मेसेजवाल्याने नेमका हा शब्द पकडला असता तर एनिमाही आपसूक हाती लागला असता. पण ही चोरी नव्हे. एकाच आजोबांची नातवंडं दोन गावांत वाढली, इतकंच. आणि त्या कुटुंबात अणिमा नाही.

राहिला सैतान. मावशीची झोप याने उडवली आहे आणि पोराचे हेडफोन यापायीच कपाटात गेलेत. अल्बममध्ये जर्मन तुकडा आहे, नावात सैतानही आहे : 'सैतानाची अंडी'. (दुसरा अर्थही आहे, मराठीतही तोच.) मागे यंत्रांची धडधड, जमावाचा जल्लोष, हिटलरच्या सभेत शोभेल असा आवाज. ऐकून अंगावर काटा येतो, खरंय. आता शब्द ऐका : अर्धा कप पिठीसाखर, पाव चमचा मीठ, लोणी, मैदा, दीडशे ग्रॅम कुटलेला सुकामेवा, दोनशे अंशांवर पंधरा मिनिटं भट्टीत. बिस्किटं आहेत! सुरीच्या टोकावर मावेल एवढा चरसही आहे त्यात, तेव्हा मावशीने ती करून बघू नयेत. पण मंत्र? आणि शेवटी तो गृहस्थ गर्जून सांगतो ते काय, तर यात अंडी नाहीत.

बंदीबद्दल काय बोलणार. अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर आला आणि त्या एनिमावाल्या गाण्याला १९९८ साली ग्रॅमी मिळालं.

हे सगळं रात्री मावशीला फोनवर सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अंडी नाहीत, तर नाव तसं कशाला ठेवलं?" हेडफोन मात्र सकाळी परत मिळाले.